एका खोलीत आजारी कसं पडायचं?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



खोकल्या-शिंकण्यातून पसरणाऱ्या आजाराची साथ आली की सरकारी पत्रकं निघतात, आणि त्यांतल्या पहिल्या तीन-चार सूचनांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं: रुग्णाला स्वतंत्र, हवेशीर खोलीत ठेवावे, शक्यतो शौचालयही स्वतंत्र असावे. कोविडच्या दोन वर्षांत हे वाक्य आम्हाला पाठ झालं. सल्ला बरोबर आहे. पण तो ज्या घरासाठी लिहिलाय, ते घर या राज्यात थोड्यांच्याच नशिबी आहे. म्हणून मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र अर्धवट वाचलं गेलं तरी हरकत नाही. पुढची साथ यायच्या आत, एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाने आजारपण कसं निभवायचं याचं वेगळं पत्रक आपल्या खात्याने लिहून घ्यावं आणि ते साथ नसताना घरोघर पोचवावं.

साथ नसताना हे काय मध्येच, असं आपल्या कार्यालयात कुणाला तरी वाटेल. पण साथ चालू असते तेव्हा आपल्याला पत्र वाचायला सवड नसते आणि लोकांना सल्ला ऐकायला. ९ मार्च २०२० ला पुण्यात पहिले रुग्ण सापडले आणि २५ तारखेपासून देश बंद झाला. मधल्या पंधरवड्यात लोकांनी तांदूळ भरले, बटाटे भरले, सॅनिटायझरच्या बाटल्यांवर झुंबड उडाली. आजारी माणसाला झोपवायचं कुठे, याचा विचार फार थोड्या घरांत झाला. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही हे नाव टीव्हीवर झळकलं तेव्हाही तेच. तो विषाणू २००१ सालीच ओळखला गेला होता आणि मुलांच्या सर्दी-खोकल्याच्या नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. तरी दोन दिवस मास्कची विचारपूस झाली, तिसऱ्या दिवशी सगळं थंड. घाबरलो की खरेदी आणि भीती ओसरली की विसर, ही आपली सार्वजनिक सवय आहे आणि आपलं खातंही, माफ करा, या सवयीला अपवाद नाही.

आता घरांकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशातली सुमारे ३७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. मुंबईची चाळीस टक्क्यांहून जास्त वस्ती झोपडपट्टीत होती. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९, आता ३००. त्यातच मोरी, ओटा, कपाट, देवाचा कोनाडा आणि पाच माणसं. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांच्या अंगात कोरोना येऊन गेल्याच्या खुणा सापडल्या आणि बाहेरच्या इमारतींत १६ टक्के लोकांच्या. विभाग तेच, महिना तोच, विषाणूही तोच.

शंभर वर्षांपूर्वीही याहून वेगळं नव्हतं. १९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीत उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या लाटेने हाहाकार केला. जुन्या लोकांच्या बोलण्यातली ‘मानमोडी’ ती हीच. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ माणसं मेली. त्या साथीतल्या शहरातल्या मृत्यूंची जातवार, धर्मवार नोंद आहे: युरोपियनांमध्ये दर हजारी आठ-नऊ मृत्यू, आणि ज्यांना त्या वेळी ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून मोजलं त्यांच्यात दर हजारी साठाहून जास्त. यात उपासमार होती, औषध-शुश्रूषेची वानवा होती, आणि एकमेकांच्या उशाशी झोपावं लागणारी घरंही होती.

धारावीत महापालिकेने २०२० साली हे वेळेत ओळखलं. तिथे १ एप्रिलला पहिला रुग्ण सापडला, आणि गृहविलगीकरण कागदावरच राहणार हे अधिकाऱ्यांना पहिल्या काही दिवसांतच कळलं. बहुतेक वस्ती सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून. मग शाळा, मंगल कार्यालयं, क्रीडा संकुलं ताब्यात घेऊन माणसांना तिथे हलवलं गेलं. त्याचं कौतुक जगभर झालं आणि ते योग्यच होतं. पुढे मे २०२१ मध्ये संसर्ग जास्त असलेल्या अठरा जिल्ह्यांत गृहविलगीकरणच बंद करायचं राज्य सरकारने ठरवलं. म्हणजे घरात विलगीकरण जमत नाही, हे सरकारने स्वतःच मान्य केलं. पण केंद्रात हलवण्यापूर्वीचे दोन दिवस माणूस घरातच असतो. साधा फ्लू असेल तर आठवडाभर घरातच असतो, त्याच्यासाठी कुणी मंगल कार्यालय उघडत नाही. त्या दिवसांचं काय, हे माझ्या पाहण्यातल्या कुठल्याच पत्रकात नाही.

मी परळच्या चाळीत वाढले, माहेर अजून तिथेच आहे. एप्रिल २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या बिऱ्हाडातला नवरा आजारी पडला. घरात बायको, दोन मुलगे आणि सत्तरी ओलांडलेली आई. बेड मिळत नव्हता आणि त्याला बेड लागण्याइतका त्रासही नव्हता. मजल्यावरच्या एका निवृत्त गिरणी कामगाराने त्या खोलीची मांडणी करून दिली. त्यांनी खाट भिंतीपासून ओढून खिडकीखाली घेतली. टेबल फॅन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, पण तोंड बाहेर करून. बायको म्हणाली, “अहो काका, वारा यांना लागू दे की!” तर ते म्हणाले, “वारा त्याला नको, त्याचा वारा बाहेर जाऊ दे. पिंजण खात्यात तंतू असाच बाहेर फेकायचो आम्ही.” गॅलरीकडचा दरवाजा बोटभर फटीऐवजी निम्मा उघडा ठेवायला लावला, म्हणजे हवा दारातून आत येईल आणि रुग्णावरून खिडकीबाहेर जाईल. बाकीच्यांनी दाराच्या बाजूला झोपायचं, डोकं दाराकडे करून. मुलांची आजी रात्री आमच्याकडे झोपायला आली. रुग्णाने खोलीतही मास्क लावायचा, आणि बायको त्याच्याजवळ गेली की तिनेही. जेवण-पाणी-औषध एकट्या तिनेच बघायचं, मुलांनी नाही.

संडास गॅलरीच्या टोकाला, मजल्याचा सामायिक. त्यातला शेवटचा त्या आठवड्यापुरता त्याच्यासाठी सोडला. त्याने जायचं ते दुपारी, वर्दळ नसताना, मास्क लावून. बाहेर पडताना दार उघडं टाकून यायचं आणि नळाला, कडीला साबणाचं पाणी मारायचं. सकाळच्या रांगेत उभं राहायचं नाही. हे सगळं बोलून ठरवायला मजल्यावरच्या बिऱ्हाडांना एक संध्याकाळ लागली, थोडं भांडणही झालं. शेवटी घरातल्या मोठ्या मुलाला ताप आला, आजीला आला नाही. पंख्यामुळे की नशिबामुळे, सांगता येणार नाही. पण एक खोली असतानाही करण्यासारखं बरंच असतं, आणि ते सरकारी पत्रकाऐवजी एका गिरणी कामगाराकडून कळावं लागलं.

गंमत अशी की बरोबर हीच गोष्ट सरकारने नंतर सांगितलीही. २० मे २०२१ ला केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने हवेशीरपणावर एक सूचनापत्र काढलं. खोकल्याचे मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण बारीक कण हवेवर तरंगत दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. खिडक्या-दारं उघडा, पंख्याची दिशा अशी ठेवा की दूषित हवा दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही, बाहेर हवा फेकणारा पंखा लावा, असं त्यात साध्या चित्रांनी दाखवलं होतं. खेड्यातल्या बिनखिडकीच्या घरांचाही विचार होता. उत्तम सूचनापत्र होतं ते. पण तोवर दुसऱ्या लाटेचा कळस होऊन गेला होता, आणि आमच्या गल्लीत भिंतींवर ‘हात धुवा’चीच पोस्टरं होती. हात धुवायलाच हवेत, साबणाने, वीसेक सेकंद. मात्र जिथे आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, तिथे दिवसातून दहा वेळा हात धुवायला सांगताना सांगणाऱ्याने जरा अडखळायला हवं. हवेला टँकर लागत नाही.

अर्थात खिडकी उघडणंही वाटतं तितकं सोपं नसतं. उघडली की डास येतात, तळमजल्यावर चोराची भीती, पावसाळ्यात गादी भिजते. जाळी बसवायला पैसे लागतात. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळ्यात कूलर असतो आणि तो बाहेरची हवा आत ओढतो, ही चांगलीच सोय. फक्त आत आलेली हवा बाहेर पडायला समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. एसी मात्र बंद खोलीत तीच हवा फिरवत राहतो, आणि सगळं बंद करून गरगर फिरवलेला छताचा पंखाही त्याहून फार वेगळं काही करत नाही. हे चार ओळींत सांगता येतं. आमच्या गल्लीपर्यंत ते कुणी पोचवलेलं नाही.

आणि काही घरांत उघडायला काहीच नसतं. गोवंडी-मानखुर्द भागातल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंडमधल्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी केला होता. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इमारती इतक्या खेटून की मध्ये जेमतेम तीन मीटर, खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा. तिथे क्षयरोग जास्त, आणि त्याच परिसरातल्या जरा मोकळ्या वसाहतीत कमी. घरबांधणीचं खातं आपलं नाही, मला माहीत आहे. पण त्या घरांतले रुग्ण आपल्याच खात्याच्या दारात येतात. पुनर्वसनाचे नकाशे मंजूर होताना आरोग्य खात्याचा माणूस त्या टेबलावर असावा, एवढं तरी आपण मंत्रिमंडळात मागू शकता.

आता रुग्णावर लक्ष ठेवण्याविषयी. माझ्या मते घरातली खरी तयारी ही आहे आणि ती फुकट आहे. आजारी माणूस कधी घरी ठेवायचा आणि कधी उचलून न्यायचा, हे घरातल्या एका तरी माणसाला कळायला हवं. यासाठी आपल्याला परदेशात बघायला नको, गडचिरोलीत बघितलं तरी पुरे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बालन्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा अडचण अशी होती, की बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता येतो, पण गावातल्या दाईला मोजता येतं दहापर्यंतच आणि घड्याळ वाचता येत नाही. त्यांनी तिला अंक शिकवत बसण्याऐवजी एक साधी पाटी तयार केली. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. बाळाचं पोट वर-खाली होताना बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात गेला, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी वेगळी ओळ, मोठ्यासाठी वेगळी. एवढ्यावर निरक्षर दायांनी न्यूमोनिया ओळखला, त्यांनी आणि गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी औषध दिलं, बालमृत्यू खाली आले, आणि १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

श्वासांचे आकडे प्रत्येक आईला माहीत असायला हवेत: दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त, म्हणजे धोका. बाळ शांत असताना मोजायचं, रडताना किंवा पिताना नाही, आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चौपट करणं नको, कारण लहान बाळ मध्येच थांबून श्वास घेतं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल (आपल्याकडे बायका ‘पोट उडतंय’ म्हणतात ते), बाळ अंगावर पीत नसेल, निपचित पडलं असेल, तर मोजत बसायचंच नाही. आज जवळपास प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि त्यात सेकंदकाटा आहे. बाळाची आई तासन्‌तास त्याच्याकडे बघतच असते. काय बघायचं, एवढंच तिला सांगायचं राहिलं आहे.

मोठ्या माणसांसाठी ऑक्सिमीटर. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर ते यंत्र घेऊन फिरले, तेव्हा खेडोपाडी लोकांना ‘ऑक्सिजन किती’ हा प्रश्न कळायला लागला. ती मोहीम चांगली होती. पण बोट गार असलं, नखावर नेलपॉलिश किंवा मेंदी असली तर आकडा चुकतो. यंत्र लावून मिनिटभर हात स्थिर ठेवला आणि आकडा थांबला की मगच वाचायचा. काळ्या त्वचेवर हे यंत्र कधी कधी खरा असतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं, हे २०२० च्या अखेरीस अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं. म्हणून ९४ च्या खाली गेलं तर डॉक्टरला कळवायचं, आणि ९६ दिसत असूनही माणूस वाक्य पूर्ण करताना धापा टाकत असेल तर आकड्यापेक्षा माणसावर विश्वास ठेवायचा. ओठ निळसर होणं, छातीत दुखणं, माणूस असंबद्ध बोलू लागणं, उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढणं, ही लक्षणं यंत्राशिवायही दिसतात. म्हाताऱ्या माणसांत तर कधी ताप येतच नाही; आजी नुसती गप्प होते, जेवायला नको म्हणते, दिवसभर झोपून राहते.

औषधांचं थोडक्यात. पॅरासिटामॉल घरात असावं, मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवून. यकृताचा आजार असेल तर डॉक्टरला विचारूनच. मुलांना वजनावर, आणि ॲस्पिरिन त्यांना अजिबात नको. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. तरी आपल्याकडे मेडिकलवाला ‘तीन दिवसांचा कोर्स’ चिठ्ठीशिवाय देतो आणि आपण तो दीड दिवस घेतो. २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या याद्या बघून लोकांनी पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या खाल्ल्या. ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णालाच त्या औषधाचा फायदा होतो, हे २०२० मध्येच ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीतून कळलेलं होतं. मधुमेह असलेल्यांच्या नाका-डोळ्यांत काळी बुरशी उतरली, त्यात या गोळ्यांचा हात होता. सुंठ-तुळशीचा काढा प्यावा, घशाला बरं वाटतं. मात्र काढा प्यायला म्हणून खिडकी बंद करून झोपू नये. वाफ घेताना मुलांच्या अंगावर उकळतं पाणी सांडून भाजल्याची उदाहरणं दर साथीत दिसतात, आणि वाफेने विषाणू मरत नाही. आणि ज्यांना बीपीची, साखरेची, दम्याची, टीबीची औषधं चालू आहेत त्यांच्याकडे महिनाभराचा साठा हवा. २०२० च्या टाळेबंदीत कोरोनाइतकीच ही औषधं न मिळाल्याची तक्रार आमच्या चाळीत होती. सरकारी दवाखान्यातून पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळत असतील, तर हा साठा गरिबाने करायचा कसा? हे आपल्या हातात आहे.

लसीचंही तसंच. महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि थंडीच्या शेवटी. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, ऐन पावसाळ्यात. २०१५ पासून आपल्या राज्यात गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी सरकारी दवाखान्यांतून ही लस मोफत द्यायला सुरुवात झाली. असं करणारी राज्यं फार नाहीत. माझ्या ओळखीतल्या एकाही गरोदर मुलीला हे ठाऊक नव्हतं. ज्या गोष्टीचा सरकारला अभिमान वाटायला हवा ती आपलं खातं इतकी गुपचूप का करतं, मला कळत नाही.

एक गोष्ट पत्रकात मावणार नाही, पण त्याशिवाय पत्रक वाया जाईल. आजारी माणसाने घरी थांबावं असं आपण म्हणतो. घरकाम करणारी बाई, नाक्यावरचा मजूर, रिक्षावाला, हे थांबले तर त्या दिवशीची मजुरी गेली. ताप उतरवून, गोळी खाऊन, मास्क न लावता (लावला तर मालकीण परत पाठवेल म्हणून) ती बाई पुढच्या घरात भांडी घासते. तिला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. साथ जाहीर झाल्याच्या काळात आजारी पडणाऱ्या असंघटित कामगाराला पाच दिवसांची मजुरी मिळण्याची काही तरी व्यवस्था आधीच लिहून ठेवायला हवी. साथ आल्यावर शासन निर्णय निघेपर्यंत तिचा ताप उतरलेला असतो आणि चार घरांत चढलेला असतो. आणि घरात शुश्रूषा करणारी तीच असते. बहुतेक घरांत ‘काळजी घेणारी व्यक्ती’ म्हणजे बाई, आणि घरातला एन-९५ मास्क मात्र बाहेर जाणाऱ्या पुरुषाच्या नाकावर. तो मास्क आधी तिच्या नाकावर हवा. नाकावरची पट्टी दाबून, कडेने हवा फुसफुसत नाही ना, चष्म्यावर वाफ धरत नाही ना, हे बघून. धुवायचा नाही; दोन-तीन असतील तर कागदी पिशवीत टांगून पाळीपाळीने वापरायचे.

सोसायट्यांना दोन शब्द आपण सुनावलेत तर बरं होईल. २०२० मध्ये रुग्णाच्या दारावर फलक लावणं, मोलकरणीला लिफ्ट बंद करणं, बरा होऊन आलेल्याला गेटवर अडवणं हे ज्यांनी केलं त्यांना कुणी जाब विचारला नाही. परिणाम असा झाला, की पुढच्या लाटेत लोकांनी खोकला लपवला.

तर पत्रक असं असावं: एक पान, मोठी अक्षरं, चित्रं जास्त. मराठीत, आणि गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्यांसाठी त्यांच्या बोलीत, मुंबई-भिवंडी-मालेगावसाठी हिंदी-उर्दूत. खोलीचं चित्र एका खोलीचंच असावं, खिडकी-खाट-पंखा-दार दाखवणारं. सामायिक संडासाची वेळ कशी ठरवायची ते असावं. श्वासांचे तीन आकडे असावेत. कधी न्यायचं, ते असावं. कुठे न्यायचं, ती जागा मोकळी ठेवून आशाताईने पेनाने भरावी: जवळचं ऑक्सिजन असलेलं रुग्णालय, १०८, आणि रात्री बोलावल्यावर येईल अशा एका रिक्षावाल्याचा नंबर. जन आरोग्य योजनेचं कार्ड आणि आधार कुठल्या डब्यात ठेवलंय तेही त्याच कागदावर. हा कागद रेशनच्या दुकानात वाटला तरी चालेल, दाराच्या आत चिकटवता आला पाहिजे. आशाताईंकडे चालू स्थितीतला ऑक्सिमीटर आणि त्याच्या बॅटरीचे पैसे असावेत. राज्यात सत्तर हजारांच्या आसपास आशा आहेत. २०२१ च्या जूनमध्ये त्यांना मोबदल्यासाठी संपावर जावं लागलं होतं. त्यांना हे नवं काम सांगताना त्याचे पैसेही त्याच आदेशात लिहिलेले असावेत.

यात नवं तंत्रज्ञान नाही, मोठं बजेट नाही, उद्‌घाटनाला फीत नाही. कदाचित म्हणूनच हे राहून गेलं. सध्या मे चालू आहे. पाऊस तोंडावर आहे, आणि पावसाबरोबर दरवर्षीचा फ्लू येणारच आहे; त्यासाठी नव्या विषाणूची वाट बघायला नको. पहिला मसुदा मंत्रालयात करू नका. एखाद्या चाळीत, एखाद्या पाड्यावर, एखाद्या पुनर्वसन इमारतीच्या तळमजल्यावर जाऊन तिथल्या बायकांना विचारून करा, आणि जुलैच्या आत वाटा.



आपली,
एक नागरिक, परळ